अवघड डाव चालेल, रडीचा नको

डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या जातीच्या फाशांच्या खेळांबद्दल आलेले या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच भांडणाचे आहेत. डन्जन मास्टर, म्हणजे साहस रचून चालवणारा डीएम, म्हणतो साहस अवघड होतं. त्यात एकेक पात्र खेळणारे खेळाडू म्हणतात अन्याय झाला. हे दोन शब्द वेगळे ठेवले तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. अवघडपणा आकड्यांत मोजता येतो. न्याय बघायचा तर दोन गोष्टी विचाराव्या लागतात : निर्णय घेण्याआधी खेळाडूला काय कळलं होतं, आणि निर्णय चुकल्यावर त्याच्या हातात काय उरलं. खालचे आकडे २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. जिथे वेगळे आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : पहिल्या लेव्हलची, म्हणजे अगदी नवखी, चार पात्रं, समोर चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. एका गॉब्लिनचे ५० एक्सपी (हरवल्यावर मिळणारे अनुभवगुण), एकूण २००. तक्त्यात ही लढाई ‘मध्यम’ निघते. तरी तिसऱ्या फेरीत चौघेही आडवे झाले. हिशेब कुठे चुकला?

शेवटची पायरी राहिली. एक्सपीची बेरीज झाल्यावर ती शत्रूंच्या संख्येप्रमाणे वाढवायची असते : दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा असतील तर अडीचपट. तुमचे २०० झाले ४००. पहिल्या लेव्हलच्या एका पात्रामागे सोपी लढाई २५, मध्यम ५०, अवघड ७५ आणि जीवघेणी १०० एक्सपीची. चौघांची जीवघेणी रेघ बरोबर ४००वर येते, आणि तुमची लढाई नेमकी त्या रेघेवर होती.

हा गुणाकार का लागतो, ते एकदा कागदावर करून बघा. गॉब्लिनच्या हल्ल्याच्या फाशात ४ मिळवतात. विझार्डचा, म्हणजे जादूगाराचा, आर्मर क्लास (फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) १२ असेल तर डी२०वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, ८ पडले की बाण लागला, म्हणजे ६५ टक्के शक्यता. साखळीचं चिलखत घातलेल्या फायटरचा, म्हणजे लढवय्याचा, १६. तिथे १२ पडायला हवेत, म्हणजे ४५ टक्के. बाणाचा मार १डी६ + २ (सहा बाजूंचा एक फासा, अधिक २), सरासरी साडेपाच. कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, १४ असलेल्या पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, असते ८. दोन बाण लागले की तो बहुतेक पडतोच. चार गॉब्लिननी त्याच्यावरच नेम धरला तर किमान दोन बाण लागण्याची शक्यता ८७ टक्के. म्हणजे त्याची पाळी येण्याआधीच त्याचा खेळ संपलेला असू शकतो.

यात दबा धरून केलेला हल्ला मिसळला की गणित आणखी बिघडतं. लपून मारलेल्या बाणाला ॲडव्हान्टेज मिळतो, दोन फाशांतला मोठा धरायचा, आणि ६५चे जवळपास ८८ टक्के होतात. गाफील सापडलेल्या पात्रांची पहिली पाळी फुकट जाते. शिवाय नियमाप्रमाणे एकसारख्या शत्रूंचा इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम, एकाच फाशावर ठरतो, म्हणून चौघे पाठोपाठ मारतात आणि मधे कुणाला जखम बांधायलाही सवड मिळत नाही. यातली एकही गोष्ट एक्सपीच्या तक्त्यात दिसत नाही.

दुरुस्ती अशी. तीन गॉब्लिन ठेवले तर १५०चे दुप्पट ३००, म्हणजे ‘अवघड’ची रेघ. दोन ठेवले तर १५०, सोपं आणि मध्यम यांच्या मधोमध. चार हवेच असतील तर दोन सुरुवातीला आणा आणि दोन तिसऱ्या फेरीत शिंग ऐकून येऊ द्या. प्रत्येकाचा इनिशिएटिव्ह वेगळा टाका. गॉब्लिननी आपल्या सर्वांत जवळच्या पात्रावर हल्ला करायचा, असा साधा नियम स्वतःला घाला, म्हणजे पुढे उभ्या राहिलेल्या फायटरला अर्थ येतो. गॉब्लिनचे हिट पॉइंट फक्त ७; पहिला पडला की समोरून येणारा मार एक चतुर्थांशानं घटतो. पहिली फेरी तगली तर ही लढाई खेळाडूंच्या बाजूनं वळते, म्हणून तुमची सगळी काळजी त्या पहिल्या फेरीवर खर्च करा.

२०२४च्या नव्या मार्गदर्शक पुस्तकात हा गुणाकार नाही. पहिल्या लेव्हलच्या पात्रामागे कमी, मध्यम आणि जास्त धोक्यासाठी ५०, ७५ आणि १०० एक्सपी दिले आहेत. तुमचे २०० तिथे सर्वांत खालच्या गटात बसतात. हिशेब सोपा झाला, पण चार बाण चारच राहिले. पहिल्या दोन लेव्हलपुरता तरी जुना गुणाकार करूनच बघा, असा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : दाराच्या मुठीत विषारी सुई होती. चोरानं दार उघडलं, सेव्हिंग थ्रो (संकट टाळण्यासाठी टाकायचा फासा) हुकला, पात्र मेलं. खेळाडू म्हणतो अन्याय. मी म्हणते ट्रॅप, म्हणजे सापळा, म्हटला की जोखीम आलीच. बरोबर कोण?

खेळाडू. ‘दार उघडतो’ हा त्याच्या दृष्टीनं निर्णयच नव्हता. दार समोर आलं की माणूस ते उघडणारच. ज्या धोक्याची काडीइतकीही खूण दिली नाही, त्यात खेळाडूचं कौशल्य शून्य, सगळा फासा. ती जोखीम त्यानं उचललीच नव्हती, तुम्ही त्याच्या गळ्यात घातली.

तोच ट्रॅप न्याय्य करायला सुई काढावी लागत नाही. वर्णन करताना तीन गोष्टी सांगा आणि त्यातली एक धोक्याची ठेवा : दार शिसवी लाकडाचं आहे, बिजागऱ्यांना नुकतंच तेल घातलेलं आहे, आणि मुठीखाली एक उंदीर पाय ताठ करून पडला आहे. हे सांगण्यासाठी फासा मागू नका. इथेच बहुतेक डीएम घसरतात. खूणच परसेप्शनच्या, म्हणजे निरीक्षणाच्या, फाशामागे लपवली, की फासा पडला नाही त्या दिवशी ती खूण नव्हतीच. खूण फुकट द्यावी. फासा लागावा तो पुढच्या कामाला, म्हणजे यंत्र कसं चालतं ते ओळखायला आणि ते निकामी करायला. उंदराबद्दल कुणी विचारलंच नाही आणि मूठ फिरवली, तर मात्र सुई टोचू द्या. ती जोखीम आता त्याची आहे.

माराचा आकडाही तपासा. पहिल्या ते चौथ्या लेव्हलसाठी पुस्तकात ट्रॅपचे तीन दर्जे आहेत : अडचणीचा १डी१०, धोक्याचा २डी१०, जीवघेणा ४डी१०. आता नियम बघा : एका फटक्यात हिट पॉइंट शून्यावर येऊन उरलेला मार पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतका किंवा जास्त असेल, तर पात्र जागीच मरतं, वाचण्याचे फासे टाकायचेच नसतात. आठ हिट पॉइंटच्या विझार्डसाठी ही रेघ १६. मधल्या दर्जाच्या २डी१०मध्येही १६ किंवा जास्त पडण्याची शक्यता १५ टक्के आहे. ४डी१०ची सरासरीच २२. एकाच तक्त्यात पहिली आणि चौथी लेव्हल एकत्र ठेवल्यामुळे हे होतं. पहिल्या लेव्हलला १डी१०च्या पुढे जाऊ नका.

आणि प्रत्येक चुकीची शिक्षा मरणच कशाला? सुईनं हात तासभर बधिर झाला, किंवा मुठीला जोडलेली घंटा वाजली आणि पहारेकरी निघाले, तर खेळाडूंना लगेच काहीतरी करावं लागतं. मेलेल्या पात्राच्या खेळाडूला करण्यासारखं काहीच उरत नाही. बिनखुणेच्या ट्रॅपचा खरा तोटा तर पुढच्या सेशनमध्ये दिसतो. मंडळी प्रत्येक फरशी दहा फुटी काठीनं ठोकत बसतात, आणि तीन तासांत दोन खोल्याही होत नाहीत.

अशा वादात या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांच्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या साहसाचा दाखला हमखास निघतो. १९७५ साली बाल्टिमोरच्या ओरिजिन्स संमेलनात स्पर्धेसाठी ते थडगं प्रथम खेळलं गेलं आणि १९७८ साली छापून आलं. त्यात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे. त्याच्या उघड्या काळ्या तोंडात शिरलेलं पात्र नाहीसं होतं, सेव्हिंग थ्रोसुद्धा मिळत नाही. क्रूर आहे, पण ते तोंड डोळ्यांसमोर आहे, आणि आत काठी घालून बघणाऱ्याला तुटकी काठी परत मिळते. शिवाय तो स्पर्धेचा डाव होता : कोण किती आत पोचतं हेच मोजायचं. वर्षभर सांभाळलेल्या पात्रांना तेच माप लावलं की भांडण होणारच.

प्रश्न : डीएमनं पडद्यामागे टाकलेला फासा बदलावा का? कुणी मरू नये म्हणून मी अधूनमधून शत्रूचा फटका हुकवतो.

नको. लहानपणच्या खेळात ज्याला लिंबूटिंबू म्हणत, तो बाद झाला तरी बाद नसे. आणि त्याला ते कळलं की तो रडत घरी जाई. मोठ्या खेळाडूंनाही कळतं. चौथ्यांदा अगदी शेवटच्या क्षणी फटका हुकला की त्यांच्या जिंकण्यातली मजा जाते, आणि ती परत आणणं फार कठीण असतं.

मऊपणा दाखवायचा तो फासा टाकण्याआधी दाखवा. शत्रूला काय हवं आहे ते लढाईआधीच लिहून ठेवा. दरोडेखोरांना पैसे हवे असतात, प्रेतं नव्हेत. पडलेल्या पात्राला ते बांधून नेतील आणि खंडणी मागतील. शत्रूंना पळू द्या. यासाठी १९८१च्या बेसिक संचातला, म्हणजे खेळाच्या जुन्या आवृत्तीतला, मोराल (हिंमत) नियम आजही उत्तम चालतो : प्रत्येक प्राण्याला २ ते १२मधला एक आकडा द्यायचा, पहिला माणूस पडला की एकदा आणि अर्धे गारद झाले की पुन्हा, २डी६ टाकायचे. आकड्यापेक्षा जास्त पडले तर शत्रूची हिंमत खचली. गॉब्लिनचा आकडा ७ आहे, म्हणजे दर तपासणीला ते पळण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. यात एकही फासा खोटा नाही आणि चार गॉब्लिनांची लढाई बरीच आटोपशीर होते.

एवढं करून फासे उघड्यावर टाका. उघडा फासा पात्राचा जीव घेतो तेव्हा दुःख होतं, पण तक्रार होत नाही.

प्रश्न : चौघांनी पहारेकऱ्यांजवळून गुपचूप सरकायचं. प्रत्येकाची शक्यता ६५ टक्के असूनही हे जवळजवळ कधीच जमत नाही.

कारण चौघांनाही जमायला हवं : ६५ टक्के चार वेळा गुणले की उरतात १८. तुम्ही मध्यम म्हणून दिलेलं काम पाचात एकदाही होत नाही. पुस्तकातली सामूहिक तपासणी वापरा : सगळ्यांनी फासा टाकायचा आणि निम्म्यांना जमलं तर सगळ्यांना जमलं. तेच ६५ टक्के आता ८७ होतात.

उलटी चूकही होते. डीसी १५चं, म्हणजे उघडायला एकूण १५ गाठावे लागणारं, कुलूप, आणि फाशात ३ मिळवणारे चौघे पाळीपाळीनं प्रयत्न करतात. एकेकाची शक्यता ४५, चौघांत कुणा एकाला जमण्याची ९१. आकडा ठरवण्याआधी किती जण टाकणार आणि किती जणांना जमायला हवं, हे ठरवा. आणि ज्या दाराशिवाय कथा पुढे सरकतच नाही, त्या दाराला फासा लावू नका. किंवा खिडकी आणि धुराडं ठेवा.

प्रश्न : शॅडोचं, म्हणजे सावलीसारख्या भुताचं, चॅलेंज रेटिंग (धोक्याचा आकडा) फक्त अर्धं. पहिल्या लेव्हलच्या चौघांवर दोन सोडले आणि विझार्ड दुसऱ्या फेरीत मेला, तेसुद्धा वाचण्याचे फासे न टाकता. हे कसं?

रेटिंग मार आणि टिकाव मोजतं. शॅडो मारतो वेगळ्याच दारानं. त्याचा प्रत्येक फटका १डी४ स्ट्रेंग्थ, म्हणजे अंगातलं बळ, खातो, आणि स्ट्रेंग्थ शून्य झाली की पात्र मरतं. विझार्डची स्ट्रेंग्थ बहुतेकदा ८च असते : वाईट फासे पडले तर दोन फटके पुरतात. दुसरीकडे शॅडोचे १६ हिट पॉइंट दिसायला कमी, पण साध्या शस्त्रांचा मार त्याला अर्धाच लागतो आणि आग, थंडी, वीज यांचाही अर्धा, म्हणजे तलवारवाल्यांसाठी ते ३२ झाले. पहिल्या लेव्हलकडे जादूची शस्त्रं नसतात. तुमच्या दोन शॅडोंचे २०० दीडपटीनं ३००, ‘अवघड’. पण हा आकडा खऱ्या धोक्याच्या मागे आहे.

न्यायाचा भाग इथेही खुणेचा. लढाईच्या एक खोली आधी जखम नसलेलं, हातापायांची काडी झालेलं प्रेत ठेवा. तेजोमय मार शॅडोला दुप्पट लागतो; क्लेरिकच्या, म्हणजे पुजारी पात्राच्या, ‘सेक्रेड फ्लेम’ या मंत्राचे १डी८ त्याच्यावर दोनदा मोजले जातात. पुजाऱ्याची वही, भिंतीवरचं चित्र, गावातली म्हातारी, कुणाकडूनही ही गोष्ट आधी कळू द्या. छोट्या विश्रांतीनंतर स्ट्रेंग्थ परत येते, म्हणून दोन शॅडो एकत्र आणण्याऐवजी मधे तासभर ठेवून एकेक आणले तर तोच प्राणी थरारक वाटतो, खुनी नाही.

प्रश्न : जग खरं वाटावं म्हणून डोंगरावर पूर्ण वाढलेला लाल ड्रॅगन ठेवला. तिसऱ्या लेव्हलचे खेळाडू सरळ त्याच्यावर चालून गेले. त्यांनी पळायला नको होतं का?

पळून जाता येतं, असं त्यांना कुणी आणि कधी दाखवलं? आधीच्या सगळ्या लढाया त्यांच्या मापानं कापलेल्या असतील, तर समोर दिसलं ते जिंकता येतं, हा त्यांचा अनुभव आहे. तुम्ही मधेच नियम बदलला आणि सांगितलं नाही.

असा प्राणी जगात जरूर असावा. रेटिंग १७, हिट पॉइंट २५६, आणि आगीचा फुत्कार १८डी६, सरासरी ६३. सेव्हिंग थ्रो जमला तरी ३१ लागतात. तिसऱ्या लेव्हलचा फायटरसुद्धा त्यात पडतो. म्हणूनच हा आकडा खेळाडूंना आकड्यातच कळायला हवा. नुसतं ‘भयानक दिसतो’ पुरत नाही, कारण तुम्ही उंदरांनाही भयानक म्हणता. तो एका फुत्कारात गढीचा बुरूज वितळवतो आणि बुरुजावरचे वीस कसलेले शिपाई जागेवर राख होतात, हे दुरून दाखवा. तरी कुणी तलवार उपसली, तर खेळ थांबवून सरळ सांगा : ‘तुझ्या पात्राला कळतंय की हा एका श्वासात तुम्हा सगळ्यांना मारेल. तरी जायचं?’ हे सांगणं म्हणजे लाड नव्हेत. पात्र त्या जगात वाढलंय, त्याला ते ठाऊक असणारच.

पळण्याचे नियमही आधी दुरुस्त करा. पाचव्या आवृत्तीत बहुतेक पात्रं फेरीत ३० फूट चालतात आणि तेवढंच चालणारे शत्रू त्यांना कधी सोडत नाहीत. पाठ फिरवली की वर एक फुकट फटका. म्हणून अनुभवी खेळाडू पळत नाहीत, ते हिशेबानं मरतात. ड्रॅगन तर फेरीत ८० फूट उडतो. सोपा उपाय : सगळ्यांनी मिळून ‘पळतो’ म्हटलं की फेऱ्यांचा खेळ संपला असं जाहीर करा आणि किंमत ठरवा : घोडी गेली, खजिन्याची पेटी टाकावी लागली, एक माणूस हाती लागला. जुन्या बेसिक संचात पाठलाग करणाऱ्या बिनडोक प्राण्यापुढे अन्न आणि शहाण्यापुढे खजिना फेकला, तर तो निम्म्या वेळा थांबे. डी६वर १ ते ३. ड्रॅगनला सोनं आवडतं हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

प्रश्न : प्रत्येक लढाईनंतर मंडळी आठ तास झोपतात आणि ताजीतवानी होऊन येतात. काहीच अवघड उरत नाही.

२०१४चं गणित दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया आणि मधे दोन छोट्या विश्रांत्या धरून मांडलेलं आहे. दिवसाला एकच लढाई होत असेल तर ‘अवघड’ म्हणजे सोपी. झोपायला बंदी घालू नका, झोपेची किंमत सांगा : ओलीस ठेवलेल्यांना उद्या पहाटे हलवणार आहेत, आणि ही बातमी झोपण्याआधीच पोचली पाहिजे. १९७४च्या मूळ खेळात दर दहा मिनिटांच्या टप्प्याला एक डी६ पडे आणि ६ आले की भटका राक्षस येई. वेळ फुकट नाही हे त्यातून आपोआप कळे. प्रवासाच्या मोहिमेत आठवड्यात एखादीच लढाई होत असेल, तर पुस्तकातला पर्याय घ्या : छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची.

प्रश्न : गटातल्या दोघांना मरणाची जोखीम हवी, दोघांना पात्र मेलेलं चालत नाही. साहस कुणाच्या मापानं लिहू?

कुणाच्याच नाही, आधी बोलून घ्या, पात्रं तयार करण्याआधी. पात्र मरू शकतं का, मेलं तर परत आणता येतं का, आणि नवं पात्र कुठल्या लेव्हलला येतं, एवढे तीन प्रश्न टेबलावर ठेवा. ज्यांना मरण नको त्यांच्यासाठी शून्यावर गेलेलं पात्र मरण्याऐवजी काहीतरी गमावेल असं ठरवता येतं : डोळा, वाडवडिलांची तलवार, देवाची कृपा. पण हे सगळ्यांना सारखं लागू हवं. एकाच लढाईत दोघे मर्त्य आणि दोघे अमर असतील, तर धोक्याची कामं कायम अमरांवर पडतात आणि जोखीम मागणाऱ्यांना ती मिळतच नाही.

मरण ठेवायचं ठरलं तर नव्या पात्राची लेव्हल बाकीच्यांइतकीच ठेवा. पहिल्या लेव्हलला परत पाठवलेलं पात्र पाचव्या लेव्हलच्या लढाईत पहिल्याच फटक्यात पडतं, आणि त्याच खेळाडूला तीच शिक्षा दोनदा होते. प्रत्येकानं एक तयार पात्र वहीत घडी घालून ठेवावं, आणि साहस लिहिताना दर दोन-तीन खोल्यांआड एक कोठडी, एखादा वाट चुकलेला प्रवासी अशी जागा ठेवावी. रात्री नऊला मेलेल्या पात्राचा खेळाडू साडेनऊला पुन्हा फासा हातात घेऊन बसलेला असला पाहिजे.